शब्दचर्चा : प्रबलन, ऋण आणि शिक्षा

मानसशास्त्र शिक्षिका, राजारामपुरी :

बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना दर वर्षी एक वाक्य भेटतं. ‘नकारात्मक प्रबलन म्हणजे चुकीच्या वर्तनाबद्दल दिलेली शिक्षा.’ गुण देता येत नाहीत आणि मुलांना बोल लावावा असंही वाटत नाही. मला यात दोष शब्दाचा दिसतो. बोलण्यात ‘नकारात्मक’ म्हणजे वाईट, निराश, बिघडलेलं. तो शब्द वाचला की पुढची व्याख्या वाचायच्या आधीच मुलांच्या मनात छडी उभी राहते.

खरा अर्थ जवळजवळ उलटा आहे. शिक्षेने वागणं कमी होतं. प्रबलनाने ते वाढतं, मग ते कुठल्याही प्रकारचं असो. काही हवंसं मिळाल्यामुळे वागणं वाढलं तर ते एका जातीचं प्रबलन, आणि नकोसं काही टळल्यामुळे वाढलं तर दुसऱ्या. डोकं दुखतंय, गोळी घेतली, दुखणं थांबलं. पुढच्या वेळी हात आपोआप गोळीकडे जातो. यात शिक्षा कुणाला झाली?

ही दुसरी जात म्हणजेच पुस्तकातलं ‘नकारात्मक प्रबलन’. तिला काय म्हणावं, यावर मला तुम्हा सगळ्यांचं मत हवं आहे.

बांधकाम कंत्राटदार, कसबा बावडा :

मॅडम, मानसशास्त्र आमचा प्रांत नव्हे, पण प्रबलन आमच्याकडं बी आहे. आरसीसीला कागदावर ‘प्रबलित सिमेंट काँक्रीट’ लिहितात. काँक्रीट दाब चांगला सोसतं, पण ताण आला की तडकतं, म्हणून आत सळई घालायची. साइटवर कुणी प्रबलन म्हणत नाही, ‘सळई बांधून झाली काय’ एवढंच विचारतात. माझा प्रश्न असा की तुम्ही सळई कशात घालता? माणसात का त्याच्या वागण्यात?

शिक्षिका :

वागण्यात! हा प्रश्न मी आता दर वर्षी वर्गात विचारणार. बक्षीस माणसाला मिळतं, प्रबलन वर्तनाचं होतं. आणि ते झालं की नाही, हे देताना कळत नाही, नंतरच कळतं. मुलाला अभ्यासासाठी पन्नास रुपये दिले आणि त्याचा अभ्यास तेवढाच राहिला, तर बक्षीस झालं, प्रबलन झालं नाही. उलट एखादा पोरगा वर्गात मुद्दाम गडबड करतो, आम्ही त्याच्यावर ओरडतो आणि त्याची गडबड वाढते. आम्हाला वाटतं शिक्षा केली. प्रत्यक्षात सगळ्या वर्गाचं लक्ष त्याच्याकडे वळवून आम्हीच सळई घालून बसलो.

विद्यार्थी, बी.ए. भाग १, रोज तालमीत जाणारा :

मॅडम, हे बरोबर हाय का सांगा. आमचे वस्ताद पहाटे पाचच्या ठोक्याला जो मातीत उतरंल त्याला शेवटच्या पन्नास बैठका माफ करायचे. महिन्याभरात सगळी पोरं पाचच्या आधी हजर. आणि उशिरा येणाऱ्याला शंभर जोर जादा. पहिलं ते नकारात्मक प्रबलन, दुसरी शिक्षा. असंच ना?

शिक्षिका :

अगदी असंच. पहिल्यात नकोशा बैठका वजा झाल्या आणि वेळेवर येणं वाढलं. दुसऱ्यात नकोसे जोर जमा झाले आणि उशीर कमी झाला. तू ‘माफ’ म्हणालास तो शब्द मला फार आवडला. ‘माफीचं प्रबलन’ म्हटलं तर एकही मूल शिक्षेशी गल्लत करणार नाही. अडचण एकच, माफी द्यायला कुणीतरी देणारा लागतो. गोळीने डोकं दुखायचं थांबतं तिथे वस्ताद नाही. मग ‘सुटका’ जास्त बसतो.

निवृत्त गणित शिक्षक, गडहिंग्लज :

जुन्या पुस्तकांत ‘धन प्रबलन’ आणि ‘ऋण प्रबलन’ वाचल्याचं आठवतं. ते सोडून ‘सकारात्मक-नकारात्मक’ घेण्याचं कारण मला समजत नाही. इथे अर्थ बेरीज-वजाबाकीचा आहे, चांगल्या-वाईटाचा नाही. शून्याखाली गेलेल्या संख्येला आपण ऋण संख्या म्हणतो, तिला कुणी वाईट संख्या म्हणत नाही.

विद्यार्थी :

पण सर, आमच्या घरात ऋण म्हंजे सोसायटीचं कर्ज. परीक्षेत ऋण प्रबलन वाचून मी पहिल्यांदा तेच समजलो होतो.

शिक्षिका :

दोघांचंही खरं आहे, तरी मी गुरुजींच्या बाजूने आहे. कर्जाचा अर्थ मनात आला तरी विद्यार्थी थांबून विचार करतो, ‘इथे कर्ज कुठून आलं?’ ‘नकारात्मक’ वाचून तो थांबतच नाही, समजलं असं धरून चालतो. न कळणाऱ्या शब्दापेक्षा चुकीचा कळणारा शब्द शिकवताना जास्त छळतो.

हा घोळ आपल्या भाषांतरकारांनीच केला असंही नाही. प्रबलनाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी खुद्द १९३८ च्या पुस्तकात ‘नकारात्मक प्रबलन’ ही संज्ञा शिक्षेच्या जवळच्या अर्थाने वापरली होती. आजचा अर्थ त्यांच्या १९५३ च्या पुस्तकात पक्का झालेला दिसतो. १९७५ मध्ये जॅक मायकेल या वर्तनशास्त्रज्ञाने तर धन-ऋण हा भेदच सोडून द्यावा असं सुचवलं. म्हणजे मूळ भाषेतली मुलंही आपल्या मुलांसारखीच अडखळतात.

आणि ‘शिक्षा’ हा शब्द बघा. शिक्षण, शिक्षक, शिक्षा, सगळे एकाच धातूचे. हिंदीत शिक्षा म्हणजे अजूनही विद्या, मराठीत मात्र ती दंड होऊन बसली. हे मला दर वेळी टोचतं.

म्हशी पाळणाऱ्या घरातली विद्यार्थिनी, गंगावेस :

मॅडम, ‘अभिजात अभिसंधान’ यावर पण बोला. म्हणजे खाण्याआधी रोज एक आवाज ऐकून कुत्र्याला पुढे नुसत्या आवाजानंच लाळ सुटते, ते. अभिजात म्हणजे अभिजात भाषा, अभिजात संगीत. कुत्र्याच्या लाळेत अभिजात काय आहे?

शिक्षिका :

इथे ‘अभिजात’चा अर्थ आधीचं, पायाभूत ठरलेलं, एवढाच. ‘अभिसंधान’ मात्र सोपं करता येईल. कुत्र्यांवर हे प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, आणि लाळेचं कोडं त्याच कामातून पुढे आलं. त्यांचा रशियन शब्द ‘उस्लोव्नी’ याचा अर्थ ‘अटीवर अवलंबून असलेला’. इंग्रजीत जाताना तो ‘घडवलेला’ या अर्थाकडे झुकला. मूळ अर्थ धरला तर मराठीत ‘सशर्त प्रतिक्षेप’ जास्त जवळचा. प्रतिक्षेप म्हणजे लाळ सुटण्यासारखी आपोआप होणारी क्रिया.

पण तुला कुत्र्यापर्यंत जायचं कारण नाही. म्हैस पान्हा कशी सोडते, सांग बघू.

विद्यार्थिनी :

रेडकू लुचलं की सोडते. आता रेडकू नसलं तरी बादलीच्या कडीचा आवाज आला, आबांनी हाक मारली की पान्हावते. दूध कट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढतात तिथं, नेली तरी आबांचाच हात लागतो. परका माणूस बसला की दूध चोरते, सोडतच नाही.

शिक्षिका :

यात पहिल्या सत्राचा अर्धा धडा आला. रेडकाचं लुचणं हा नैसर्गिक उद्दीपक, म्हणजे प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट. त्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि पान्हा सुटतो. बादलीच्या आवाजाचा दुधाशी जन्मजात काही संबंध नाही. तो रोज धारेच्या आधी येत राहिला, म्हणून एकटाच पुरेसा झाला. हा अभिसंधित उद्दीपक. ‘पान्हावणं’ हे आपल्याकडचं क्रियापद इतकं नेमकं आहे की मी ते फळ्यावर लिहिणार आहे.

विद्यार्थिनी :

मग नुसती बादली वाजवत राहिलो आणि धार काढलीच नाही तर?

शिक्षिका :

तर हळूहळू त्या आवाजाने पान्हावणं कमी होत जाईल. त्याला विलोपन म्हणतात. पण विलोपन म्हणजे विसरणं लिहू नका, तिथेही गुण जातात. मध्ये काही दिवस जाऊ दिले आणि पुन्हा तीच बादली वाजवली, तर पान्हा थोडाफार परत येऊ शकतो. म्हैस विसरलेली नसते.