नवीन स्टेडियम बांधायला काढलं की टीम कंगाल होते का? हुरड्याची पैज लागलीय

पार्कचौक_रेड
भावांनो एक भांडण मिटवून द्या, नाहीतर घरात बोलणं बंद होणारंय.

मी मँचेस्टर युनायटेडवाला, मावसभाऊ आर्सेनलवाला, दोन्ही इंग्लंडच्या फुटबॉल टीम. परवा मॅच संपल्यावर सातरस्त्याला चहाला थांबलो आणि विषय निघाला आमच्या नवीन स्टेडियमचा. मार्च २०२५ ला जाहीर केलेलं ते, नॉर्मन फॉस्टरच्या कंपनीचं डिझाईन, १ लाख सीट, २ अब्ज पौंड खर्च, वर तीन खांबांवर ताणलेलं छत. हा म्हणतोय गड्ड्याच्या जत्रेतला सर्कशीचा तंबू आहे बे तो. ते जाऊ दे. पण पुढं म्हणतोय एकदा पाया खणला की तुमचं संपलं, दहा वर्षं एक पण मोठा प्लेअर येत नाही, असलेले चांगले पण विकून खाताल.

मी म्हणलो आम्ही आर्सेनल नाही. झालं, पैज लागली. अख्ख्या गँगचा हुरडा, दही, गूळ, चटणी सगळं हरणाऱ्याकडं.

आता मलाच भीती वाटायलीय, कारण आमच्या डोक्यावर आधीचंच कर्ज रग्गड आहे. जुनंच दुरुस्त करावं म्हणलं तर मे २०२४ ला सगळ्यांनी बघितलंय, ओल्ड ट्रॅफर्डच्या छतावरनं धबधबा कोसळत होता, ती पण आर्सेनलचीच मॅच, वर १-० हरलो. १९१० सालचं ग्राउंड, जीव तुटतोय, पण किती ठिगळं लावणार.

तर खरं सांगा, स्टेडियम बांधलं की ट्रान्सफरचे, म्हणजे प्लेअर विकत घ्यायचे, पैसे संपतात का? फॅनगिरी बाजूला ठेवून सांगा.

हायबरीचा_म्हातारा
फॅनगिरी बाजूला ठेवून फुटबॉलवर बोलायचं म्हणजे शेंगदाण्याशिवाय शेंगाचटणी कुटायची. तरी सांगतो.

तुझा भाऊ खोटं बोलत नाहीये. त्यानं फक्त ऐकलं असेल, आम्ही भोगलंय. २००६ ला आमचं जुनं ग्राउंड हायबरी सोडलं, ३९ कोटी पौंड घालून एमिरेट्स बांधलं, ६० हजार सीट. तेव्हा सगळे म्हणायचे आता तिकिटाचा पैसा बघा किती येतोय, मोठ्यांच्या पंगतीला बसणार आपण. बसलो ना, बहुतेक वर्षं चौथ्या पाटावर. २००७ ला ऑन्री गेला, २००९ ला आडेबायोर आणि टूरे दोघं मँचेस्टर सिटीला, २०११ च्या ऑगस्टमध्ये फाब्रेगास आणि नास्री आठ-दहा दिवसांच्या अंतरानं. २००५ च्या एफए कपनंतर पुढचा कप थेट २०१४ ला, आणि त्या फायनलला पण हल सिटीनं सुरुवातीलाच दोन गोल घातले होते, कसा बघितला मलाच माहीत.

आणि २०१२ ला व्हॅन पर्सी. कुणाकडं गेला? तुमच्याकडं, २.४ कोटी पौंडात. नव्या पेठेतनं घेतलेली माझी जर्सी होती, मागं १० नंबर आणि नाव छापून घेतलेलं, छापणाऱ्यानं स्पेलिंग चुकवलेलं तरी मी तीच घालून फिरायचो. बातमी आली त्या दिवशी आईनं विचारलं ही धुवायला टाकू का, मी म्हणलो फरशीला घे. तिनं खरंच घेतली. पुढच्या एप्रिलला त्यानं ॲस्टन व्हिलाला तीन गोल मारून तुमची २० वी लीग आणली, आणि आमच्या घरात व्हॅन पर्सी ओट्याखाली पिळून ठेवलेला.

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही. पण हे पण खरं की आज तेच एमिरेट्स कमवून देतंय, २०२३ ला डेक्लन राइससाठी १० कोटी मोजले आम्ही. तेव्हा पैज कोण जिंकलं हे तुम्ही किती वर्षांनी मोजताय त्यावर आहे.

जुळेसोलापूर_स्पर्स
काका तुम्ही विकले, आम्ही टॉटनहॅमवाल्यांनी (स्पर्स) तर घेतलेच नाहीत 😂

२०१८ च्या उन्हाळ्यात एक पण साइनिंग नाही. समर विंडो, म्हणजे उन्हाळ्यात प्लेअर घ्यायची-विकायची मुदत, चालू झाल्यापासून प्रीमियर लीगमध्ये असं करणारी पहिली टीम आम्हीच. जानेवारीत पण कोणी नाही, उलट डेंबेले विकला. गड्ड्यात शेवटच्या दिवसांत भाव पडतात, जानेवारी विंडोत शेवटच्या दिवशी चढतात, आमचे मालक दोन्हीकडं नुसते फिरून घरी. त्यात स्टेडियमचं काम लांबत गेलं, वेंब्लीत भाडेकरू म्हणून राहायलोत, एप्रिल २०१९ ला एकदाची वास्तुशांत झाली.

आणि गंमत म्हणजे त्याच सीझनला चॅम्पियन्स लीगची फायनल! आयॅक्सबरोबर लुकास मोराचा तिसरा गोल पडला तेव्हा इथं रात्रीचे अडीच वाजायला आले होते, मी असा ओरडलो की वडील चोर शिरला म्हणून काठी घेऊन बाहेर. फायनल लिव्हरपूलनं २-० नं नेली ते सोडा. म्हणजे मोठा प्लेअर न येणं वेगळं आणि टीम बसणं वेगळं. तुमची पैज नेमकी कशावर लागलीय ते आधी लिहून घ्या, नाहीतर हुरडा पोपटी होता का करडा यावर भांडत बसताल.

मागवाला_हिशोबी
सगळे भावनेत बोलायलेत, जरा वही काढू.

आमच्या घरी माग होते. नवीन माग घेतला तर त्याची किंमत त्याच वर्षी खर्चात टाकत नाहीत, चार-पाच वर्षांत वाटतात. प्लेअरचं तसंच. ६ कोटी पौंडाचा प्लेअर पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वहीत वर्षाला १.२ कोटीच दिसतात. उलट ॲकॅडमीतनं आलेला पोरगा विकला की सगळीच्या सगळी रक्कम नफा, कारण त्याला विकतच घेतलेलं नसतं. म्हणून तर २०२४ ला तुमच्या ॲकॅडमीतला मॅकटॉमिने नापोलीला गेला, आणि त्याच सीझनला तिकडं लीग जिंकून इटलीतला सर्वोत्तम प्लेअर ठरला. दुखतंय ना रेड? दुखू दे.

आता स्टेडियम. प्रीमियर लीगचा जो तीन वर्षांत १०.५ कोटी पौंड तोट्याचा नियम होता त्यात स्टेडियमवरचा, ॲकॅडमीवरचा खर्च वजा धरायचे. म्हणजे नियम आडवा येत नाही. आडवं येतं कर्जाचं व्याज. एव्हर्टनला विचारा. ते म्हणत होते आमच्या कर्जाचं व्याज स्टेडियमच्या खात्यात धरा, ते काही मान्य झालं नाही, आणि २०२३-२४ ला आधी १० पॉइंट कापले, अपिलात त्याचे ६ झाले, मग दुसऱ्या केसमध्ये परत २. तरी वाचले, आणि २०२५ ला १८९२ पासूनचं गुडिसन सोडून गोदीवरच्या नव्या ग्राउंडवर गेले.

त्यामुळं माझं मत, पैसा कोण घालणार हे कळल्याशिवाय पैजेला अर्थ नाही. कर्ज काढलं तर भाऊ जिंकला.

तालीम_कोल्हापूर
काय राव, मँचेस्टरच्या छतासाठी सोलापुरात भांडायलाय. या की एकदा शाहू स्टेडियमला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, कुठलीबी मॅच बघा, उन्हात बसून घसा बसतोय. ट्रान्सफर काय असतं ते आमच्याकडं बघा, या पेठेतला पोरगा त्या तालमीकडनं खेळला की त्याला गल्लीतनं गाडी ढकलत न्यावी लागतीय, आवाज नको म्हणून.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड
तुमचं ग्राउंड तरी शेजारीच उभं राहणारंय रे. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा एफसी पुणे सिटीच्या मॅचला दोन बस बदलून जायचो. २०१४ ला त्रेझेगे आलेला, २०१८ ला सेमीफायनलपर्यंत पोचलो, तिथं छेत्रीनं हॅटट्रिक मारून घरी पाठवलं. २०१९ ला क्लबच बंद, लीगमधली जागा हैदराबादला. २०२५ ला तो हैदराबादचा क्लब पण उचलून दिल्लीला नेला. बालेवाडीचं स्टेडियम आहे तिथंच आहे, टीम गेली. त्यामुळं मला असल्या भांडणाचा हेवाच वाटतो.

मावसभाऊ_गूनर
मीच तो. रेड, इथं येऊन सहानुभूती गोळा करायलास होय? एक सांगायचं राहिलं त्या दिवशी. १९४१ ला ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले तर १९४९ पर्यंत सिटीच्या मेन रोडवर खेळलेत तुम्ही. परत जाताल त्यांच्या दारात.

पार्कचौक_रेड
नाही जात, जुन्यात खेळत खेळतच शेजारी नवीन बांधायचंय, वाच जरा. आणि २०२५ च्या उन्हाळ्यातच कुन्या, म्बेमो, शेश्को तिघांवर मिळून २० कोटीच्या आसपास गेलेत, ते काय फुकटातले आहेत का?

मावसभाऊ_गूनर
अजून पाया कुठं खणलाय बे.

पार्कचौक_रेड
बरं. हिशोबी आणि स्पर्सवाल्याचं ऐकून असं ठरवतो: पाया खणल्यापासून तीन समर विंडो मोजायच्या, त्यात ५ कोटीच्या वरचा एक जरी आला तर मी जिंकलो. पण तोवर हुरडा थांबत नाही, यंदाचा अर्धा अर्धा. कोल्हापूरकर, तुम्ही पण या, पण तांबडा-पांढरा घेऊन. काका, तुम्ही ती जर्सी घेऊन या, फोटो काढू.

हायबरीचा_म्हातारा
ती कधीच झिजली रे. दही आणतो.