फोरमनला 'ग्रिलवाला' म्हणणाऱ्यांसाठी

भालबा

खेळांच्या गप्पांच्या धाग्यावर 'डावखुरा' यांनी परवा हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनवर (स्वयंपाकाच्या ग्रिलवर ज्याचं नाव असायचं तोच) एक पिंक टाकली. जशीच्या तशी देतो: "जॉर्ज फोरमन म्हणजे अलीकडून मार खाल्लेला आणि पुढे ग्रिल विकून श्रीमंत झालेला माणूस. सत्तरच्या दशकाचं कौतुक म्हाताऱ्यांनी चालवलंय. आजचा फ्युरी त्यातल्या कुणालाही दोन राउंडांत झोपवेल." तिथे दोन ओळींत उत्तर देऊन जळजळ थांबेना, म्हणून हा वेगळा धागा.

22 जानेवारी 1973, किंग्स्टन, जमैका. समोर जो फ्रेझर. दोन वर्षांपूर्वी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला डाव्या हुकने अलीला आडवा करणारा, तोवर एकही लढत न हरलेला फ्रेझर. फोरमनने त्याला दोन राउंडांत सहा वेळा पाडलं. एका ठोशात तर फ्रेझरचे पाय जमिनीवरून सुटलेले दिसतात. पुढच्या वर्षी काराकासला केन नॉर्टन, अलीचा जबडा मोडणारा. तोही दुसऱ्याच राउंडला संपला. आता हे बघा, याच दोघांशी अली एकूण सहा लढती खेळला आणि त्यातली एकही बारा राउंडांच्या आत आटपली नाही. सहापैकी दोन तर तो हरला. फोरमनला या दोघांना पहिल्या भेटीत गार करायला मिळून पुरते चार राउंडही लागले नाहीत.

ऑक्टोबर 1974 ला किन्शासात (तेव्हाचं झाईर) अलीने त्याला आठव्या राउंडला पाडलं, मान्य. पण लोकांची गोष्ट तिथेच संपते, माझी तिथे सुरू होते. 1977 मध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरल्यावर हा माणूस ग्लोव्ह्ज उतरवून ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं रिंगमध्ये पाऊल नाही. 1987 ला परत आला तो पोरांसाठी काढलेल्या केंद्राला पैसे हवेत म्हणून. लोक हसले. 1991 ला, बेचाळिसाव्या वर्षी, तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्डसमोर बारा राउंड उभा राहिला. आणि 5 नोव्हेंबर 1994 ला, 45 व्या वर्षी, किन्शासात घातलेलीच चड्डी घालून मायकेल मूररला दहाव्या राउंडला झोपवून पुन्हा जगज्जेता. त्याआधी सर्वात वयस्कर हेवीवेट विजेता होण्याचा मान जर्सी जो वॉलकॉटचा होता, वय 37. आठ वर्षांचा फरक!

त्या काळाला सुवर्णकाळ म्हणायचं कारण साधं आहे. ते एकमेकांशी लढायचे. फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला, अलीने फोरमनला, नॉर्टनने अलीला, फोरमनने नॉर्टनला. फ्युरी आणि जोशुआ हे आजचे दोन ब्रिटिश हेवीवेट, दोघंही ऐन भरात असताना वर्षानुवर्षं नुसती लढतीची चर्चा. जगज्जेतेपदाचे पट्टे मात्र चार-चार, प्रत्येक संघटनेचा वेगळा.

डावखुरा

माझ्या तीन वाक्यांवर एवढा मोठा लेख? धन्य झालो.

आता तुम्ही जे शिताफीने गाळलंत ते. मूररच्या लढतीत नऊ राउंडांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर मूरर पुढे होता. म्हणजे 45 वर्षांचे काका नऊ राउंड नुसते ठोसे खात होते आणि एक ठोसा लागला. लागला, छान लागला, पण त्याला लॉटरी म्हणतात. पुढे 1995 ला अ‍ॅक्सेल शुल्झ नावाच्या जर्मनाविरुद्ध जो 'विजय' मिळाला, तो पाहून फोरमनचेच पाठीराखे खाली बघत होते. पुन्हा लढा म्हटल्यावर साहेबांनी पट्टा सोडला. त्याआधी टोनी टकरशी लढायचं नाही म्हणून दुसरा पट्टा गेलाच होता. एकमेकांशी लढायचे म्हणे!

परतल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले प्रतिस्पर्धी तर विचारूच नका. आणि किन्शासात हरल्यावर काय म्हणाला? दोर सैल होते, पाण्यात काहीतरी मिसळलं होतं. हा तुमचा महापुरुष.

फ्युरी सहा फूट नऊ इंच आहे. फ्रेझर सहा फुटांनाही थोडा कमी. गणित तुम्हीच करा.

रात्रपाळी

गणित मी करतो. तुमच्या सहा फूट नऊ इंची फ्युरीला 2024 मध्ये दोनदा हरवणाऱ्या युक्रेनच्या उसिकची उंची सहा फूट तीन इंच, वजन सव्वादोनशे पौंडांच्या आसपास. डिसेंबरच्या लढतीत फ्युरीने काट्यावर 281 पौंड भरले होते. किन्शासातला फोरमन? सहा फूट तीन, 220 पौंड. म्हणजे आजचा सर्वोत्तम हेवीवेट मापाने थेट फोरमनच आहे. उंचीचा मुद्दा तुम्ही स्वतःच खड्ड्यात घातलात.

पण भालबा, तुमचंही ऐकून घेणार नाही. उसिकने जोशुआला दोनदा, फ्युरीला दोनदा, डुबॉइसला दोनदा हरवलं. परक्यांच्या अंगणात जाऊन. तो एकमेकांशी लढणं नाही तर काय? 1999 च्या लेनॉक्स लुईसनंतर सगळे पट्टे गोळा करणारा पहिला हेवीवेट तोच. 'आमच्या वेळी' हे पालुपद जरा आवरा.

सुगंधा_के

सगळे ठोसे मोजताय म्हणून विचारते. या सुवर्णकाळात फ्रेझरचं काय झालं यावर कुणी बोलणार आहे का?

अलीचं लायसन्स गेलं होतं, उत्पन्न बंद होतं, तेव्हा त्याला पैसे देणारा फ्रेझर. आणि लढत ठरल्यावर अलीने त्याला काय म्हटलं? अंकल टॉम. गोऱ्यांचा माणूस. मनिलातल्या त्यांच्या तिसऱ्या लढतीच्या आधी तर गोरिला. पत्रकारांपुढे खिशातून रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारत होता. साउथ कॅरोलायनातल्या शेतमजुराच्या घरात अनेक भावंडांसोबत वाढलेल्या काळ्या माणसाला हे ऐकवायचं, आणि जगाने हसायचं. फ्रेझरच्या मुलांना शाळेत काय ऐकावं लागलं असेल? मला अलीचा नाच आवडतो, पण या बाबतीत तो सरळसरळ दांडगाई करत होता. आपल्याकडे त्याची आरतीच ओवाळायची असते.

तळेगावकर

ताई, आरती ओवाळण्याजोगाच माणूस होता तो. 1967 ला सैन्यात जायला नकार दिला, पट्टा काढून घेतला, साडेतीन वर्षं ऐन उमेदीची गेली. फ्रेझर काय किंवा फोरमन काय, कुणी काय गमावलं? 1968 ला मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये स्मिथ आणि कार्लोस या काळ्या अमेरिकी धावपटूंनी निषेधाची काळी मूठ उगारली, त्यांना घरी पाठवलं. आणि काहीच दिवसांत तुमचा फोरमन सुवर्णपदक जिंकून रिंगमध्ये अमेरिकेचा छोटा झेंडा हलवत होता. यातच सगळं आलं. किन्शासात लोक 'अली बोमाये' ('अली, मार त्याला') उगाच नाही ओरडले.

भालबा

तळेगावकर, एकोणीस वर्षांचं पोर. टेक्सासात दारिद्र्यात वाढलेलं, शाळा सुटलेली, वाया जाता जाता सरकारी जॉब कोअरने (गरीब पोरांना काम शिकवणारी योजना) उचललं, तिथे ग्लोव्ह्ज हातात आले. त्याने झेंडा हलवला तर तो गद्दार? सगळ्यांनी एकाच पद्धतीने शूर असावं असा काही नियम आहे का? आणि किन्शासातल्या लोकांचं म्हणाल तर फोरमन तिथे जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन उतरला. बेल्जियन पोलिसांच्या कुत्र्यांची आठवण असलेल्या गावात. अडाणीपणा होता, राजकारण नव्हतं.

आणि ती लढत भरवली कुणी? झाईरच्या मोबुतूने, दोघांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलर देऊन. हुकूमशहाच्या पैशाने लढताना अलीला काही टोचलं नाही, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही.

तळेगावकर

अलीला मोबुतूशी जोडणं म्हणजे कमाल आहे. पैसे फोरमननेही घेतले ना? की ते ग्रिलचे होते?

सुगंधा_के

माझ्या प्रश्नाला उत्तर नाहीच. "1967" म्हटलं की सगळं माफ. अलीला स्वतःला 2001 मध्ये जाहीरपणे फ्रेझरबद्दल खेद व्यक्त करावासा वाटला, त्याच्या भक्तांना मात्र वाटत नाही.

तळेगावकर

भक्त हा शब्द मागे घ्या. मी तुम्हाला ताई म्हणून बोलतोय.

सुगंधा_के

नाही घेत. आणि ताई म्हणू नका.

खवचट_पंत

वा, आता कुठे धाग्याला हेवीवेट रंग चढला. अवांतर: जानेवारी 1980 मध्ये अली दिल्लीत येऊन आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनीय लढत खेळून गेला. 1982 च्या एशियाडला कौर सिंगने हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. इथल्या किती जणांना तो आठवतो? किन्शासातला कुत्रा कुठल्या जातीचा ते पाठ, कौर सिंग कोण ते गुगलवर शोधणार. एखाद्या रणजी खेळाडूचा अंगठा दुखावला की चौकट छापणारे आपले पेपर आणि आपण, एकाच माळेचे मणी.

मामांचा_भाचा

सगळं वाचत होतो, आता राहवत नाही.

माझे मामा साठच्या दशकात मुंबईत बॉक्सिंग करायचे. एका सरकारी खात्याच्या संघात होते, त्यावरच नोकरी लागली. हेवीवेट वगैरे नव्हते, पण शूर म्हणून नाव होतं. शूर म्हणजे काय, तर गार्ड खाली ठेवून पुढे जायचं आणि मार खाऊनही हटायचं नाही. चाळीतली पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. पन्नाशीत त्यांचे हात थरथरायला लागले. मग मामींना आईच्या नावाने हाक मारायला लागले. शेवटी शेवटी जेवणाचं ताट समोर ठेवलं की मुठी वर यायच्या. डॉक्टरांनी बॉक्सिंगमुळेच असं लिहून दिलं नाही, पण आम्हाला सांगायची गरजही नव्हती.

तुमच्या सुवर्णकाळातला जेरी क्वारी घ्या. अली, फ्रेझर, नॉर्टन, सगळ्यांशी लढला. 1999 मध्ये 53 व्या वर्षी गेला, तोवर त्याला स्वतःचे कपडे घालता येत नव्हते. 1980 ला तेव्हाचा जगज्जेता होम्ससमोर अलीला उभं केलं तेव्हा तो संपलेला होता, सगळ्यांना दिसत होतं, तरी तिकिटं विकली. 1982 ला कोरियाचा बॉक्सर किम दुक-कू रिंगमध्ये मार खाऊन मेला तेव्हा कुठे पंधराचे बारा राउंड होऊ लागले. तुम्ही ज्याला जिगर म्हणता, त्याचं बिल घरच्या बायका भरतात.

डावखुरा

मामांबद्दल ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण भाचेबुवा, मग फ्युटबॉल, रग्बी, घोडेस्वारी सगळंच बंद करायचं का? तुमच्या मामांना नोकरी बॉक्सिंगनेच दिली हेही तुम्हीच लिहिलंय.

मामांचा_भाचा

बंद करा कुठे म्हटलं मी? बाहेर बसून 'आमच्या वेळी पंधरा राउंड असायचे' म्हणत मिशीला पीळ देऊ नका, एवढंच. फ्रेझरचा कोच एडी फच मनिलात चौदाव्या राउंडनंतर त्याला 'बस, पुरे' म्हणाला. फ्रेझरला शेवटपर्यंत राग होता. त्या अख्ख्या दशकात मला शहाणा माणूस तेवढा एकच दिसतो, आणि तो ग्लोव्ह्ज घालत नव्हता.

भालबा

फचबद्दल वाद नाही. पण भाचेसाहेब, तुमच्याच मापाने मोजलं तर फोरमनचं माप आणखी वर जातं. मूररशी लढला तो फोरमन 1973 चा नव्हता. हात समोर आडवे, सावकाश चाल, एक एक जॅब, उगाच दमायचं नाही. वीस वर्षांपूर्वी अलीने त्याला दमवूनच मारलं होतं, तोच धडा गिरवून आला होता. डावखुरा त्याला लॉटरी म्हणतात. दहावा राउंड पुन्हा पाहा: आधी डाव्याने मूररला जागेवर धरलं, मग सरळ उजवा, मग तोच पुन्हा. मूररचा कोच टेडी अ‍ॅटलस लढतभर त्याला समोर उभं राहू नकोस म्हणून सांगत होता, त्याला काय लॉटरीची भीती वाटत होती?

आणि सुगंधाताई (सॉरी, सुगंधा), अली-फोरमनचं नातं फ्रेझरसारखं आंबलं नाही. 1997 च्या ऑस्करला किन्शासाच्या माहितीपटाला बक्षीस मिळालं तेव्हा अलीला पायऱ्या चढायला हात देणारा फोरमनच होता.

सुगंधा_के

माहीत आहे. फोरमन मोठ्या मनाचा निघाला, ते त्याचं कर्तृत्व. अलीच्या खात्यात जमा करू नका.

डावखुरा

बरं बाबा, दहावा राउंड पुन्हा पाहिला. डाव्या-उजव्याचा बेत होता, मान्य. लॉटरी नाही, मुदत ठेव म्हणा. नऊ राउंड व्याज नाही, दहाव्याला एकरकमी. पण ग्रिल दहा कोटींवर विकली गेली, तेव्हा 'ग्रिलवाला' मी मागे घेणार नाही. त्याने स्वतःही कधी नाकारलं नसतं. पाच मुलांची नावं जॉर्ज ठेवणारा माणूस होता तो.

राहता राहिला प्रश्न, 1973 चा फोरमन विरुद्ध आजचा उसिक. बोला.

रात्रपाळी

उसिक, गुणांवर, आरामात. पाचव्यानंतर फोरमनला धाप लागेल.

भालबा

पाचवा राउंड येतोय कशाला!

तळेगावकर

दोघांनाही अलीने हरवलं असतं.

सुगंधा_के

झालं सुरू.