मदत हवी आहे: देशोदेशींच्या बेरोजगारीतील बदलाची तुलना वजाबाकीने करावी की पटीने?

ओसरी
नमस्कार. एम. ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी तीन देशांतील एकूण बेरोजगारी आणि तरुणांची बेरोजगारी यांत झालेल्या बदलांची तुलना करते आहे. आकडे मिळाले आहेत, तक्ताही तयार आहे. परंतु छापील प्रत परत करताना सरांनी माझ्या 'तरुणांना दुप्पट झळ बसली' या वाक्याभोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात 'कशाच्या दुप्पट?' एवढेच लिहिले. दोन्ही दरांतील वाढ काढून मी तरुणांच्या वाढीला एकूण वाढीने भागले, आणि उत्तर दोनच्या किंचित वर आले. यात चूक कोठे आहे? प्रकल्प परवा जमा करायचा असल्यामुळे कृपया वाचनाची यादी देऊ नये.

आकडेमोड
कोणते देश, कोणती वर्षे, तरुण म्हणजे कोणत्या वयाचे आणि आकडे कोणाचे, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही. वैद्याला नाडी न दाखवता औषध मागण्यासारखे आहे हे.

ओसरी
क्षमस्व, ते सांगायला हवे हे लक्षात आले नाही. देश स्पेन, ग्रीस आणि जर्मनी. वय १५ ते २४. स्पेनमध्ये २००७ ते २०१३ या काळात एकूण दर ८.२ वरून २६.१ टक्क्यांवर गेला आणि तरुणांचा १८.१ वरून ५५.५ टक्क्यांवर. ग्रीसमध्ये एकूण दर सुमारे ८ वरून २७.५ वर, तर तरुणांचा सुमारे २२ वरून ५८ वर गेला. जर्मनीत मात्र २००५ पासून दोन्ही दर उतरले.

आकडेमोड
मग सरांचे वर्तुळ योग्यच आहे. स्पेनमधील तरुणांचा दर ३७.४ अंकांनी वाढला आणि एकूण दर १७.९ अंकांनी, म्हणून तुम्हाला 'दुप्पट' दिसते. परंतु तरुणांचा दर मुळातच एकूण दराच्या दुपटीहून अधिक होता. पट काढून पाहा: तरुणांचा दर ३.१ पट झाला आणि एकूण दर ३.२ पट. म्हणजे झळ सर्वांना सारखीच बसली. तरुण आधीपासूनच वाईट स्थितीत होते, एवढेच. ग्रीसमध्ये तर तरुणांची पट एकूण पटीपेक्षा स्पष्टपणे कमी आहे. बदल नेहमी पटीतच मोजावा, असे माझे वीस वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत आहे.

तळटीप
सर, आपल्या अनुभवाचा आदर राखून असहमती नोंदवतो. हीच पट बेरोजगारांऐवजी काम असलेल्यांच्या बाजूने काढून पाहावी. स्पेनच्या तरुण श्रमशक्तीत, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या तरुणांत, २००७ साली दर शंभरांमागे जवळजवळ ८२ जणांना काम होते. २०१३ साली ते ४४.५ जणांना उरले, म्हणजे सुमारे ४६ टक्के घट झाली. एकूण श्रमशक्तीत हा आकडा ९१.८ वरून ७३.९ वर आला, म्हणजे जेमतेम २० टक्के घट. तीच माणसे, तीच वर्षे, आणि निष्कर्ष नेमका उलटा. ज्या मापाचे उत्तर पेला भरलेल्या बाजूने मोजला की रिकाम्या, यावर बदलते, ते 'नेहमी' वापरावे असे कसे म्हणता येईल?

आकडेमोड
हे गणित बरोबर आहे, पण बेरोजगारीच्या प्रकल्पात रोजगाराची पट कोण काढतो?

तळटीप
कोणी काढत नाही, म्हणूनच फसगत होते. दोन्ही बाजू एकाच मापात आणायच्या असतील, तर काम असलेल्या दर शंभर तरुणांमागे बेरोजगार किती, हे पाहावे. स्पेनमध्ये हा आकडा २२ वरून १२५ वर गेला, म्हणजे सुमारे साडेपाच पट झाला. एकूण श्रमशक्तीत तो ९ वरून ३५ वर, म्हणजे सुमारे चौपट. यावरून तरुणांना अधिक झळ बसली असे म्हणता येते, मात्र 'दुप्पट' म्हणता येत नाही.

चावडी
परदेशांची चर्चा चालली आहे, पण आपल्याकडचे काय? २०२३–२४ च्या आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात एकूण दर ३.२ टक्के आणि तरुणांचा १०.२ टक्के होता, म्हणजे तिपटीहून अधिक! ही ओळ तक्त्यात अवश्य घालावी.

तळटीप
घालू नये. तो आकडा १५ ते २९ या वयोगटाचा आहे आणि वर्षभरातील 'नेहमीच्या स्थिती'वरून काढलेला आहे. युरोपीय सर्वेक्षणात आधीच्या चार आठवड्यांत काम शोधले का आणि दोन आठवड्यांत रुजू होता येईल का, हे विचारतात. मोजण्याची पट्टीच वेगळी आहे.

नेकारकाठ
मी स्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून जर्मनीच्या ओळीबद्दल विचारतो. ताई, २००५ चा आकडा कोठून घेतलात?

ओसरी
तेथील रोजगार कार्यालयाच्या नोंदणीवरून. २००५ घेतले, कारण उतार तेथून स्पष्ट दिसतो.

नेकारकाठ
दोन्ही कारणांनी तो काढून टाकावा. नोंदणीच्या हिशेबात आठवड्याला पंधरा तासांपेक्षा कमी काम करणाराही बेरोजगार असू शकतो. युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, सर्वेक्षणात आठवड्यात एक तास काम केलेलाही रोजगारीत जातो. शिवाय जानेवारी २००५ मध्ये सामाजिक साहाय्य घेणारे आणि दीर्घकाळ बेरोजगार असलेले यांच्यासाठी एकच भत्ता सुरू झाला आणि पूर्वी नोंदीबाहेर असलेले अनेक जण यादीत आले; फेब्रुवारीत तर आकडा ५० लाखांच्या पुढे गेला. म्हणजे तुमचा उतार काही अंशी मोजणीच्या शिखरावरून सुरू होतो. युरोस्टॅटचेच २००७ आणि २०१३ चे आकडे घेतल्यास तरुणांचा दर सुमारे १२ वरून ८ च्या आसपास आणि एकूण दर साडेआठच्या आसपास होता, तो ५ च्या आसपास आला. पटीने पाहिले तर तरुणांना या सुधारणेचा लाभ किंचित कमीच मिळाला.

येथील तरुणांचा दर मुळात कमी का, तेही लिहावे. २००९ साली आमच्या कारखान्यातील एक पाळी बंद झाली होती आणि आम्ही आठवड्यातून तीनच दिवस जात होतो. उरलेल्या दिवसांच्या बुडालेल्या वेतनाचा मोठा भाग सरकारी निधीतून मिळे. त्या वर्षी देशात १४ लाखांहून अधिक लोक अशा कमी तासांच्या कामावर होते आणि आम्ही कोणीही बेरोजगारांत मोजले गेलो नाही. माझ्या शेजारच्या लेथवर एक शिकाऊ मुलगा असे. काही दिवस व्यवसायशाळेत, काही दिवस आमच्याकडे. तोही आकडेवारीत 'रोजगारी'च होता. स्पेनमध्ये याउलट संकटापूर्वी सुमारे एक तृतीयांश कामगार मुदतीच्या करारावर होते, त्यांत तरुण अधिक होते, आणि बांधकाम कोसळल्यावर ज्यांची मुदत संपली त्यांना फक्त पुन्हा बोलावले गेले नाही.

कोकणकडा
नेकारकाठ साहेब, माझ्या भाच्याने आय. टी. आय. केले आहे. त्याला अशी शिकाऊ जागा मिळण्यासाठी जर्मन भाषा कितपत यावी लागते?

नेकारकाठ
व्यक्तिगत निरोप पाठवतो. येथे ते अवांतर होईल.

तळटीप
ओसरी ताई, आणखी एक गोष्ट. '५५.५ टक्के तरुण बेरोजगार' असे वाक्य लिहिलेले असेल, तर सरांचे पुढचे वर्तुळ तेथे पडेल. तो दर काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या तरुणांपैकी आहे. शिकणारे बहुतेक जण त्यात धरलेले नाहीत. सगळ्या तरुणांच्या प्रमाणात पाहिले तर २०१३ साली स्पेनमध्ये सुमारे २१ टक्के बेरोजगार होते आणि २००७ साली ९ टक्क्यांच्या आसपास. दर तिप्पट झाला आणि हे प्रमाण अडीच पटही झाले नाही, कारण दरम्यान सगळ्या तरुणांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचा वाटा सुमारे ४८ वरून ३८ टक्क्यांवर आला. काम मिळत नाही म्हटल्यावर पुष्कळ जण शिक्षणातच राहिले.

आकडेमोड
हा मुद्दा मला मान्य आहे. 'नेहमी' हा शब्द मागे घेतो. पण पटीचा रकाना तक्त्यात असू द्यावा.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. वाक्य असे बदलले आहे: 'स्पेनमध्ये तरुणांचा दर ३७.४ अंकांनी आणि एकूण दर १७.९ अंकांनी वाढला. दोन्ही दर जवळजवळ सारख्याच पटीने वाढले असले, तरी काम असलेल्यांचे प्रमाण तरुणांमध्ये कितीतरी अधिक घटले.' जर्मनीची ओळ २००७ पासून घेतली आहे आणि तक्त्याच्या शीर्षकात '२००७–२०१३' असे लिहिले आहे. ग्रीसची ओळ तशीच ठेवली आहे.

नेकारकाठ
ग्रीसची ओळ कोणत्या वर्षापासून आहे?

ओसरी
२००८. बदलते.