पगार नाही, तरी क्रेडिट कार्ड: बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव

भाचा बी.कॉम.ला आहे, त्याला क्रेडिट कार्ड हवंय. आपल्या भागात कॉलेजात असताना कुणी काढलंय? कसं निघालं, कुठं अडलं, लिहा. जाहिराती नकोत.

टिळकवाडीकर
पगाराची स्लिप नसली की एफडी, दुसरा सोपा रस्ता नाही. सुट्टीत उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात काम करून साठवलेले वीस हजार बँकेत ठेवले, त्यावर कार्ड मिळालं. लिमिट ठेवीच्या ऐंशी-नव्वद टक्के असतं. ठेवीवर व्याज चालू राहतं, पण कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. रुपे कार्ड (व्हिसासारखंच, पण भारतीय) घेतलं म्हणून यूपीआयला जोडता आलं. खडेबाजारात दुकानदाराच्या क्यूआरवर चालतंय, दोस्ताला पैसे पाठवायला मात्र नाही.

निपाणीची
आमच्या घरची सगळी ठेव क्रेडिट सोसायटीत. ती पावती बँकेनं कार्डासाठी धरली नाही. बँकेत एफडी करूया म्हटलं तर आजोबा ऐकेनात, "सोसायटी जास्त व्याज देतीया, तिकडं कशाला?" मग आईच्या कार्डावर ॲड-ऑन (जोडकार्ड) घेतलं. बिल तिचं, भरायची जबाबदारी तिची, सिबिलची (कर्जफेडीच्या रेकॉर्डची) नोंदही तिच्याच नावावर. म्हणजे माझा स्वतःचा सिबिल कोराच. शिवाय प्रत्येक खर्चाचा मेसेज तिला. कॉलेज रोडवर काय खाल्लं ते मी घरी पोचायच्या आधी कळतं!

कणकुंबीवाला
एफडी झाली, अडलं व्हिडिओ केवायसीला (व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायला). आमच्याकडं पावसाळ्यात रेंज कुठली? खानापुरात मित्राच्या खोलीवर बसून केलं. मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यापुढं धरायला लावतात, झेरॉक्स चालत नाही. त्याआधी आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं आहे का बघून घ्या. माझ्या आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. ते दुरुस्त होईतो सेमिस्टर संपली.

चंदगडचा, सध्या बेळगाव
रूम सदाशिवनगरात, आधार गावचं. कार्ड गावच्या पत्त्यावरच मागवलं, शनिवारी जाऊन आणलं. त्यात काय अवघड नाही.

शहापूर
एका स्टॉलवाल्यानं "विद्यार्थी? चालतंय की" म्हणत फॉर्म भरून घेतला. पुढं नकार आला. अर्ज नाकारला तरी बँकेनं चौकशी केल्याची नोंद सिबिलमध्ये राहते, हे तो कशाला सांगेल? तेव्हा दिसेल तिथं अर्ज टाकत सुटू नका.

बँकेतला क्लार्क
पोरं 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरतात आणि निवांत होतात. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून रोख काढली तर त्याच दिवसापासून मीटर चालू, वर फी वेगळी. नको झालं तर थकबाकी भरून बंद करायचा अर्ज द्या. बँकेनं सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर बँकेनं तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे.

धागाकर्ता
आभार सगळ्यांचे. भाच्याच्या नावावर पोस्टात ठेव आहे, ती चालेल काय?

टिळकवाडीकर
नाही हो. ज्या बँकेचं कार्ड, ठेव तिथली मागतात. आणि त्याचं वय १८ पूर्ण आहे ना, ते आधी सांगा.