घरात उवा झाल्या की तुमच्याकडे काय व्हायचं? (अनुभव सांगा)

ओसरी

शनिवारी आईचं कपाट आवरायला काढलं. खालच्या कप्प्यात ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्याखाली तिचा शिवणाचा डबा, आणि डब्यात ती फणी. लाकडी, दोन्ही बाजूंना दात, एका कोपऱ्यातले तीन तुटलेले. दातांच्या मुळाशी काळा दोरा अजून ओवलेला. ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: नुसत्या फणीत उवा येतात पण लिखा निसटतात. दोरा एकाआड एक दातातून घट्ट ओवला की फटी बारीक होतात आणि लीख केसासकट ओढली जाते. किंचाळीसकट.

सोमवारी लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज, "सर्व पालकांनी पाल्यांची डोकी तपासावीत." तपासलं. कानामागे आणि मानेच्या जरा वर केसांना पांढरे ठिपके. कोंडा असेल म्हणून फुंकर मारली, उडाले नाहीत. नखाने ढकलले, हलले नाहीत. झालं.

आम्ही तिघी बहिणी. रविवारी जेवणं झाली की आई ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात बसायची आणि आम्ही नंबर लावून तिच्या पुढ्यात. मांडीवर बाबांचा जुना पांढरा पंचा. पंचावर पडलेली ऊ अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि दुसऱ्या नखाने टक्. आई मोजायची. "आज अकरा." धाकटी कायम पहिली यायची आणि तिला त्याचा अभिमान होता. त्या तासाभरात आईला काहीही विचारलं तरी उत्तर मिळायचं. एरवी "बाजूला हो, दूध उतू जाईल."

तर लिहा. उपाय, किस्से, काहीही. ज्यांना किळस वाटते त्यांनी आत्ताच निघावं.

कडीपत्ता

एवढं वाचेपर्यंत दोनदा डोकं खाजवलं. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

बारक्या

मलापण खाजतंय. मला टक्कल आहे.

नदीकाठ

वसतिगृह, आठवी ते दहावी. एका खोलीत अकरा मुली आणि कंगवे दोन, पुढचं कळलंच असेल. रविवारी व्हरांड्यात आम्ही आगगाडी करायचो. एकीच्या मागे एक बसायचं आणि पुढचीच्या डोक्यात बघायचं. इंजिनाला बघायला डोकं नाही, गार्डाच्या डब्याला बघणारं कोणी नाही, म्हणून दर आठवड्याला जागा बदलायच्या. त्यावरून भांडणं व्हायची.

एकदा वॉर्डनबाईंनी ढेकणांसाठी आणलेली पावडर आमच्या डोक्यात भुरभुरली आणि वर फडकी बांधली. रात्रभर डोकं चुरचुरत होतं. सकाळी उशीवर मेलेल्या उवांचा सडा, बाई खूश. ती गॅमेक्झिन, म्हणजे विषारी कीटकनाशक, होती हे पुढे कळलं. उवा गेल्या, आम्ही राहिलो, नशीबच म्हणायचं.

माझ्या मागच्या डब्यातली मुलगी आता मिरजेला असते. तीस वर्षं झाली, फोन केला की अजून पहिलं वाक्य, "डोकं कसंय?"

सातारी कंदी

मुलांनाही होतात हो. मी चौथीत होतो. वडील काही बोलले नाहीत, सायकलवर बसवून न्हाव्याकडे नेलं आणि त्याला फक्त म्हणाले, "सगळं."

दुसऱ्या दिवशी वर्गात एकाने विचारलं, मुंज झाली का. दुसऱ्याने हळूच विचारलं, घरी कोण गेलं. तेवढ्यात बाई आल्या, डोक्यावरून हात फिरवला, त्यांच्या डोळ्यांत पाणी. उवा झाल्या असं कसं सांगणार? तोंडातून निघून गेलं, "आजोबा." बाईंनी वर्गाला दोन मिनिटं उभं केलं.

आजोबा ठणठणीत. आठ दिवसांनी पाऊस आला म्हणून छत्री द्यायला शाळेत आले.

बारक्या

छत्री!! ऑफिसात बसून वाचतोय, शेजारचा विचारतोय काय झालं.

दगडफूल

कंदी, मग बाई काय म्हणाल्या?

सातारी कंदी

बाई काही म्हणाल्या नाहीत. आजोबा घरी येऊन बरंच म्हणाले.

शेवंती

माझा किस्सा हसायचा नाही, निदान सुरुवातीला.

लग्नाला दीड महिना झाला होता. सासूबाईंना उशीच्या अभ्र्यावर एक ऊ दिसली. स्वयंपाकघरात जाऊबाईंना म्हणाल्या, "माहेरून आणलंय." मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्या दिवसापासून माझी उशी वेगळी, कंगवा वेगळा, टॉवेल वेगळ्या दांडीवर. तीन दिवस मी न्हाणीघराची कडी लावून तेल थापून फणी फिरवत होते. एक निघेना. निघाली असती तर बरं वाटलं असतं, इतकी वेळ आली.

चौथ्या दिवशी त्यांच्या भाचीचा फोन. ती आधीच्या आठवड्यात आत्याच्या कुशीत झोपून गेली होती. "आत्या, मला उवा झाल्यात, तुझंही डोकं बघून घे." बघितलं. वारूळ. जाऊबाईंना नीट दिसत नाही, नणंदबाई नाशकात, उरले मी. स्टुलावर त्यांच्यामागे बसले आणि पहिल्यांदा त्यांच्या केसांना हात लावला. किती पातळ झाले होते. त्या मान खाली घालून बसल्या, एक शब्द नाही. माफीबिफी कुठली. संध्याकाळी माझा टॉवेल मात्र परत सगळ्यांच्या टॉवेलांना खेटून वाळत होता.

(खरं तर आता तो वेगळा ठेवायला हवा होता. पण सांगणार कोण?)

कडीपत्ता

शेवंतीताई, टॉवेल वाचला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या. डाळीचा लगदा झालाय.

जर्सीची जाई

२०१४, न्यू जर्सी. ऑफिसात मीटिंग चालू असताना शाळेतल्या नर्सचा फोन, मुलीला आत्ताच्या आत्ता घेऊन जा. तेव्हा तिच्या शाळेत एक लीख दिसली तरी घरी पाठवायचे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना खरं तर शाळांना सांगत आलीये की एवढ्यासाठी मुलांना घरी पाठवू नका, २०२२ च्या अहवालातही तेच लिहिलंय. पण तेव्हा मी काय वाद घालणार, बॅग उचलून निघाले.

इकडे उवा काढून द्यायला घरी बायका येतात, तो धंदाच आहे. दिवा लावलेलं भिंग डोळ्यांना, स्टीलची फणी, सोबत पावती. दर माणशी दोनशे डॉलर. दरडोई या शब्दाचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. आम्ही तिघं. आईला फोनवर सहाशेचा आकडा सांगितला तर म्हणाली, "मला तिकीट काढून दे, मी येऊन काढते."

टेम्सतीर

जाई :) आमच्याकडे इंग्लंडात एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) फुकटातली पद्धत सांगते. केस साध्या शांपूने धुवायचे, कंडिशनर भरपूर थापायचं, आणि ओल्या केसांतूनच मुळापासून टोकापर्यंत बारीक फणी. दर वेळी फणी टिशूला पुसून बघायची. १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी विंचरायचं, १७ व्या दिवशी तपासायचं. औषध नाही. मधे जी पिल्लं लिखांतून बाहेर येतात ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत पकडायची, म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत. लांब केसांना अर्धा तास धरा.

मी कॅलेंडरवर लाल गोल केले होते. सासरे आले होते, त्यांना वाटलं सून उपास करते. त्या दिवशी साबुदाणा भिजवून ठेवला बिचाऱ्यांनी.

कडीपत्ता

कंडिशनरऐवजी खोबरेल चालेल का? आमच्याकडे कंडिशनर आणलं की मुलगी एका आठवड्यात संपवते.

टेम्सतीर

आई तेलच वापरायची. फणी सरसर फिरते, उवाही सुस्तावतात. नंतर तेल काढताना मात्र जीव जातो.

हिरवा चाफा

एवढी यातायात कशाला? सीताफळाच्या बिया वाळवा, कुटा, खोबरेलात कालवा, रात्री लावून फडकं बांधा. सकाळी साफ. आजीचा उपाय आहे.

स्टेथो

ओपीडीच्या मधे लिहितेय, शुद्धलेखन माफ.

चाफाताई, कळकळीने सांगते, सीताफळाच्या बिया नको. उवा मरतात हे खरं आहे, पण ती पूड किंवा तेल डोळ्यात उतरलं तर बुबुळाला इजा होते. डोळा लालभडक, ठणका, दिसणं धूसर. रात्री बांधलेलं फडकं मूल झोपेत सोडतं आणि तेच हात डोळ्याला. रॉकेल तर नावही काढू नका, दिव्याशेजारी बसून डोकी बघतात लोक.

परमेथ्रिन १ टक्का मेडिकलमध्ये मिळतं. केस धुऊन टॉवेलने टिपायचे (त्या दिवशी कंडिशनर नाही), औषध लावून दहा मिनिटं, मग धुवायचं. आणि नवव्या दिवशी पुन्हा. हे पुन्हा लोक विसरतात. औषध अंड्यांवर नीट चालत नाही, लिखांतून आठवड्या-नऊ दिवसांत पिल्लं निघतात, आणि मग मला सांगतात डॉक्टर औषध बोगस होतं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, बाबांचंपण. जिवंत ऊ सापडेल त्याला औषध, एका अंथरुणात झोपणाऱ्यालाही. तान्ह्या बाळाला विचारल्याशिवाय काही लावू नका.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. डोक्यावरून पडली तर एकदोन दिवसांत मरते, त्यामुळे गाद्या जाळू नका. अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात धुतले की पुरे. पुढचा पेशंट आला.

हिरवा चाफा

चार पिढ्यांत आमच्याकडे कोणाचा डोळा गेला नाही.

दगडफूल

माझ्या मामेबहिणीला झालं होतं हे. तीन दिवस डोळ्याला पट्टी, बारावीची प्रिलिम बुडाली. ती अजून सीताफळ खात नाही.

हिरवा चाफा

बरं. कुटणं थांबवते. बियांची बरणी भरलेली आहे, आता काय करू?

बारक्या

कुंडीत लावा. पाचेक वर्षांनी बासुंदी.

वरचा मजला

आमच्याकडे कामाच्या मावशींमुळे आल्या. महिनाभर यायला नको सांगितलं तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

शेवंती

मावशी तुमच्या डोक्याला डोकं लावून झोपायच्या का हो? स्टेथोंनी वर काय लिहिलंय ते वाचा. मुलं शाळेत एका बाकावर, व्हॅनमध्ये एकमेकांच्या अंगावर, मोबाइलवर चार डोकी एकत्र. दरवेळी मावशीच कशा सापडतात?

नदीकाठ

महिनाभर पगारी की बिनपगारी?

वरचा मजला

अर्धा दिला. आणि हो, नंतर मुलीच्या मैत्रिणीकडेही निघाल्या, ते मान्य.

नदीकाठ

उरलेला अर्धा अजून देता येईल.

गुलमोहर

लॉकडाउनमध्ये आमच्याकडे दोन वर्षं एक ऊ नाही. मला वाटलं मुली मोठ्या झाल्या, सुटलो. २०२२ च्या जूनमध्ये शाळा रीतसर सुरू झाली आणि पंधरा दिवसांत दोघींची डोकी भरली. धाकटी तर आनंदाने नाचत आली, "आई, मलापण झाल्या!" वर्गात सगळ्यांना होत्या, हिलाच नव्हत्या.

बाय द वे लाकडी फणी अजून मिळते का कुठे? पूर्वी सुया, बिब्बे, काळी पोत विकायला बायका दारावर यायच्या त्यांच्याकडे असायची.

दगडफूल

तुळशीबागेत बघा. नाहीतर जत्रेत. पण लाकडीचा हट्ट नको, स्टीलची लांब दातांची घ्या, उकळत्या पाण्यात टाकता येते.

सातारी कंदी

तुळशीबागेत जाणारच असाल तर मिसळ खाऊन या.

गुलमोहर

तिथली तिखट नसते हो आता. पूर्वीसारखी राहिली नाही.

सातारी कंदी

साताऱ्याला या मग. न्हावी पण दाखवतो.

ओसरी

किती लिहिलंत! आज नववा दिवस, दुसऱ्यांदा औषध लावलं. टिपून वाळल्यावर फणी फिरवली, दोन निघाल्या, दोन्ही मेलेल्या. आईची फणी वापरली नाही, दोरा कुजलाय, हात लावला की तुकडे पडतात. स्टीलची आणली.

माझ्या मांडीवर नवऱ्याचा पांढरा बनियन. लेक पाऊण तास बोलत होती. कोण कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाचं खोडरबर लपवलं, बाईंना सांगू की नको. मला हे काहीच माहीत नव्हतं. उठताना म्हणाली, "उद्यापण बघशील?" उद्या बघायची काही गरज नाही. बघते म्हटलं.

बारक्या

उद्याचा आकडा कळवा.

कडीपत्ता

अहो ऐका. मी पहिल्यापासून इथे गमतीत खाजवत होते ना? आज नवऱ्याला म्हटलं, जरा बघ रे. सात. आता त्याला फणी कशी धरायची ते शिकवतेय, खोऱ्यासारखी धरतो. पोळ्या राहिल्यात.