‘विषम परिणाम’ म्हणजे नक्की काय? (शब्दचर्चा)

सिडकोवाली:
एका प्रश्नावलीचं मराठी तपासून देतेय. कोरोनाच्या काळात नाशिकच्या कुठल्या वस्तीचं किती नुकसान झालं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी, असा अभ्यास आहे. माझ्याकडे आलेला प्रश्न असा: ‘महामारीचा आपल्या समुदायावर विषम परिणाम झाला असे आपणांस वाटते का?’ वाचताना मला काही खटकलं नाही. विषमता रोजच्या बोलण्यातली, मग विषम परिणामात काय बिघडलं?

शनिवारी कागद घेऊन फुलेनगरात गेलो. पहिल्याच घरी एक मावशी ब्लाउजला हुक लावत बसलेल्या. प्रश्न ऐकला, दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, “हो, विषमच. आमच्या मालकाचं दुकान विषम तारखेला उघडायचं. सम तारखेला समोरची बाजू.”

मला आधी कळेचना. मग आठवलं, जून २०२०! टाळेबंदी थोडी सैल झाली तेव्हा रस्त्याची एक बाजू सम तारखेला उघडी, दुसरी विषम तारखेला. मावशींच्या लेखी विषमचा अर्थ तोच, आणि त्यांचं काय चुकलं? मराठीत विषम संख्या असते, विषम हवामान असतं, विषमज्वर असतो. यातल्या कशातही अन्याय नाही. गंमत म्हणजे त्यांनी उत्तर दिलंच होतं: दुकान दिवसाआड, म्हणजे हुकांचं काम दिवसाआड, म्हणजे मजुरी निम्मी. फक्त कागदावर ते मांडायला जागा नव्हती.

तर ‘विषम’ला पर्याय सुचवा. ‘समुदाय’ आणि ‘महामारी’बद्दलही बोला.

पंचवटीकर (निवृत्त मराठी शिक्षक):
ताई, शब्द आपल्या जेवणाच्या पंगतीतच आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तुपाची धार, दुसऱ्याच्या पानात नुसता वरणभात. ‘डावंउजवं करणे’ही चालेल, ते तर घरोघरी बोलतात.

महामारी म्हणू नका, साथ म्हणा. नोटिसांवरसुद्धा १८९७चा साथरोग कायदाच छापला होता. ‘महासाथ’ वर्तमानपत्रांपुरता ठीक. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला आमची आजी ‘मानमोडी’ म्हणायची, आणि माणसांची वयं त्यावरून मोजायची, “तो मानमोडीच्या सालचा.” असा शब्द कोरोनाला मिळाला नाही याची मला थोडी खंत आहे.

आणखी एक. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायची चाल होती. म्हणजे आजार गावातून काढायचा आणि शिवेपाशी ठेवायचा. गावकुसाबाहेर कोण राहत होतं, ते वेगळं सांगायला नको.

सातपूरचा फिटर:
काका, पंक्तिप्रपंच शब्द झकास, पण त्यात वाढपी लागतो. डावंउजवं वाढपी करतो, वरण करत नाही. ‘साथीने पंक्तिप्रपंच केला’ म्हटलं की सगळा दोष विषाणूच्या माथी जातो आणि वाढपी हात झटकून मोकळा. कंपनीत स्टाफला घरून काम, आम्हाला गेटवर तापमान बघून आत. हे विषाणूनं ठरवलं नव्हतं.

मालेगावकर:
आमच्याकडे जुनी माणसं साथीला ‘वबा’ म्हणतात. बाकी शब्द आम्हाला वर्तमानपत्रांनी दिले. एप्रिल २०२०मध्ये मालेगाव ‘हॉटस्पॉट’, पुढे रुग्ण कमी झाले तर ‘मालेगाव पॅटर्न’. गाव तेच, माणसं तीच. मधल्या काळात यंत्रमाग बंद होते, खासगी दवाखाने बंद होते आणि कब्रस्तानातल्या नोंदी आदल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त. त्यात साखरेचे, हृदयाचे, डायलिसिसचेही रुग्ण होते. अशा मृत्यूंना अहवालात ‘अतिरिक्त मृत्यू’ लिहितात. अहो, मराठीत अतिरिक्त जिल्हाधिकारी असतो, अतिरिक्त ठरलेला शिक्षक असतो. माझे चाचा अतिरिक्त कसे? ‘एरवीपेक्षा जास्त मृत्यू’ लिहा, चार अक्षरं वाढली तर वाढू द्या.

गंगापूर रोड:
‘समुदाय’ काढाच, पण त्या जागी ‘समाज’ नको. आपल्याकडे “तुमचा समाज कोणता?” म्हणजे जात विचारणंच झालं. ‘वस्ती’ लिहा, भांडण मिटेल.

देवळालीकर:
मिटणार नाही, आणि मिटूही नये. १९१८च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत मृत्यूंचं प्रमाण दर हजारी युरोपीयांत ८.३, पारशांत ९, आणि तेव्हाच्या वर्गवारीतल्या ‘खालच्या जातींच्या हिंदूं’त ६१.६ होतं. बाकी हिंदूंत १८.९. त्या वर्गवारीचा रागच येतो, पण तो रकाना होता म्हणून हा फरक आज दिसतो. कोरोनाचे रोजचे आकडे यायचे ते जिल्हावार, तालुकावार, जातवार नाहीत. वस्तीही विचारा, कामही विचारा, जातही विचारा. तिसऱ्या प्रश्नाला “सांगायचं नाही” हा पर्याय ठेवा.

सुरगाण्याचा मास्तर:
आमचा एक शब्द घ्या. द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जाणाऱ्या माणसाला अहवालात ‘हंगामी स्थलांतरित मजूर’ म्हणतात. तो स्वतः म्हणतो, “जगायला गेलो होतो.” मार्च २०२०ला टाळेबंदी लागली तेव्हा छाटणी-तोडणीचा ऐन हंगाम. गाड्या बंद, म्हणून माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत वर आली. ‘स्थलांतर केले का?’ विचारलं तर नाही म्हणतील. ‘जगायला कुठं गेला होता?’ विचारा, मग थांबवावं लागेल इतकं बोलतील.

पंचवटीकर:
फिटरभाऊ, वाढप्याचा मुद्दा कबूल, पंक्तिप्रपंच मागे घेतो. मग ‘झळ’ कशी वाटते? ‘फटका’ एकदाच बसतो. झळ आगीपासून कोण किती लांब उभा आहे त्यावर ठरते.

सातपूरचा फिटर:
झळ लांबच्याला लागते काका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, त्यात एक पॉझिटिव्ह, तो होरपळला म्हणायचं. पण प्रश्नात झळच ठेवा, होरपळ उत्तरात येऊ दे.

सिडकोवाली:
काल तोच कागद बदलून पुन्हा मावशींकडे नेला. आता प्रश्न असा आहे: ‘कोरोनाच्या साथीत तुमच्या घराला कशाकशाची झळ बसली? आजारपण, कामधंदा, पोरांची शाळा, रेशन? त्यातली कुठली दुकानमालकांच्या घराला बसली नाही?’

शेवटचं वाक्य माझं. अभ्यासवाल्यांनी त्याखाली लाल रेघ मारलीय, ‘सूचक प्रश्न’, म्हणजे उत्तर आधीच सुचवणारा, म्हणून. मावशी मात्र पाऊण तास बोलल्या आणि मधे एकदाही “म्हंजे?” म्हणाल्या नाहीत. रेघेचं काय करू, सांगा.