मदत हवी आहे : गोड न खाता शुगर वाढली, टेन्शननं असं होतं का?

नमस्कार. मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. वय ४६.

दीड वर्षापूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हापासून रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलणं, डायपर, सगळं माझ्याकडे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, स्वभावानं गरीब आहेत बिचाऱ्या.

गेल्या महिन्यात तपासण्या केल्या. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.१ आलं, दोन वर्षांपूर्वी ५.४ होतं. वजन तेवढंच. जिलबी तर मी पोह्यांबरोबरही घेत नाही (इंदुरात राहून!). बीपी १३८/८८. सकाळी जबडा ठणकतो. डेंटिस्ट म्हणाले, झोपेत दात खाता. आमचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आता ते काय मी सराफ्यातून विकत आणते?

नुसत्या टेन्शननं शुगर वाढते का? ओझं उतरल्यावर कुणाची खाली आली का?

पलासियाकर :
ताई, वाढू शकते. संकट आलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. त्यानं यकृत रक्तात साखर सोडतं, कारण शरीराला वाटतं आता पळायचंय. तुम्ही पळत नाही, बसून कूस बदलून देता. वर इन्शुलिनलाही शरीर नीट दाद देत नाही. झोपमोडीनंही तेच होतं.

पण सगळं टेन्शनवर ढकलू नका. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माहेरी कुणाला आहे का? आणि हिमोग्लोबिन किती आहे? लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं. उपाशीपोटीची शुगर वेगळी करून घ्या.

ग्वाल्हेरची सून :
माझे वडील दोन वर्षं अंथरुणाला होते. रात्रीसाठी बाई ठेवली, सहा महिन्यांत बीपी उतरलं. शुगर मात्र चालायला लागल्यावरच हलली. बाईचे पैसे जड जातात, पण द्या.

धागाकर्ती :
आत्ता रिपोर्ट काढून बघितला. हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमीच. त्याच कागदावर, दोन ओळी वर! पाळी अंगावरून जास्त जाते, तेही मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. उपाशीपोटीची शुगर आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) यांसाठी रक्त उद्या देऊन येते.

माहेरी आईला मधुमेह आहे, त्यामुळे धाकधूक आहेच. बाईचं बघतोय. तोवर शनिवार-रविवारची रात्र अहोंकडे. पहिल्याच रात्री त्यांनी मला तीनदा उठवून विचारलं, डायपर कुठे ठेवलेत.